ब्रेक ऑइल किलोमीटर मोजत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गाडी सहा वर्षांची, पण धावली आहे जेमतेम ३४,००० किलोमीटर. पेडल घट्ट लागतं, पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक आहेत, डबीतली पातळी वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये आहे. सर्व्हिसिंगला नेली तर तिथे सांगितलं, ‘ब्रेक ऑइल आजवर बदललेलं नाही, बदलून टाकू.’ तुमचं म्हणणं, ऑइल बंद सिस्टिममध्ये असतं, ते जळत नाही, गळत नाही, मग खराब होईलच कसं? हे बिल फुगवायचं काम तर नाही ना?

शंका रास्त आहे. सव्वीस वर्षं मी गाड्यांखाली झोपून काम करतोय, आणि आमच्या धंद्यात न लागणारी कामं गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारली जात नाहीत असं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. पण हे काम त्यातलं नाही. बदलून घ्या. फक्त ‘बदललं’ म्हणजे नक्की काय केलं ते विचारून घ्या, कारण खरी गोम तिथे आहे. त्यावर खाली बरंच बोलणार आहे.

तुम्ही विचारलंय ‘ऑइल खराब झालंय का?’, पण तुमची अडचण निराळी आहे. जी वस्तू बिघडली तरी रोजच्या चालवण्यात काही कळत नाही, तिच्यावर पैसे कधी घालायचे, ही ती अडचण. टायर गुळगुळीत झाला की दिसतो. बॅटरी दमली की स्टार्टर कुंथतो. पॅड संपत आले की किरकिर ऐकू येते. ब्रेक ऑइल मात्र गप्प असतं. तुमचं पेडल घट्ट आहे याचा अर्थ एवढाच की पाइपांत हवा नाही आणि कुठे गळत नाही. ऑइल ताजं आहे असा त्याचा अर्थ होत नाही. थंड असताना दहा वर्षांचं ऑइलसुद्धा पेडल घट्टच देतं.

आधी नावाचा घोळ. आपण सगळे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, मीही म्हणतो, पण ते तेल नव्हे. बहुतेक गाड्यांत असतं ते ग्लायकॉल इथर जातीचं रसायन, आणि डॉट ४ मध्ये (डॉट ३, ४, ५ ही ब्रेक ऑइलची प्रतवारी) त्याच्या जोडीला बोरेट एस्टर असतात. तेलाचं पाण्याशी वैर, तर या द्रवाची पाण्याशी घसट. हवेतला ओलावा तो ओढून घेतो आणि स्वतःत विरघळवून टाकतो. दमट दिवसांत मिठाला पाणी सुटतं तसाच हा प्रकार, पण मिठाचं डोळ्यांना दिसतं, याचं दिसत नाही.

आता तुमचा बंद सिस्टिमचा मुद्दा. ती दाबाच्या हिशेबाने बंद आहे, ओलाव्याच्या हिशेबाने नाही. पॅड झिजतात तसे कॅलिपरचे, म्हणजे चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचे, पिस्टन बाहेर सरकतात, त्यांच्या मागची वाढलेली जागा भरायला डबीतलं ऑइल खाली जातं, आणि डबीत तेवढी हवा झाकणातून यावीच लागते. झाकणाखाली रबरी पडदा असेल तर तो ओलावा बराच अडवतो, सगळा नाही. दुसरी वाट चाकांजवळच्या लवचिक रबरी होजची. त्यातून ऑइल बाहेर येत नाही, पण पाण्याची वाफ रबरातून आत झिरपते, अगदी सावकाश आणि अखंड. तुमची गाडी महिनाभर झाकून उभी असली तरी झिरपणं चालूच असतं. म्हणून या कामाचा हिशेब किलोमीटरवर बसत नाही. ३४,००० किलोमीटर असोत नाहीतर १,३४,०००, सहा वर्षं ती सहा वर्षंच.

इथे हमखास कुणीतरी विचारतं, पाणी पिणारंच रसायन कशाला वापरायचं? कारण ओलावा कुठून ना कुठून आत येणारच. तो विरघळला नाही तर थेंब थेंब होऊन सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे चाकाजवळच्या कॅलिपरमध्ये साचेल. तीच जागा सगळ्यात जास्त तापते. सुटं पाणी १०० अंशांना उकळेल, थंडीत गोठेल, आणि जिथे साचलंय तिथेच धातू खाईल. विरघळलेलं पाणी त्यापेक्षा पुष्कळ सुसह्य. सिलिकॉनवर आधारलेलं डॉट ५ ऑइल पाणी शोषत नाही, पण त्याची नेमकी हीच पंचाईत आहे. शिवाय त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकून राहतात, त्यामुळे एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत ते घालत नाहीत.

थोडे आकडे देतो, कारण त्याशिवाय गांभीर्य पोचत नाही. डॉटच्या मानकात प्रत्येक ऑइलसाठी उकळण्याची दोन किमान तापमानं ठरलेली आहेत, एक कोरड्या ऑइलचं आणि एक ओल्या ऑइलचं. डॉट ३ साठी ती २०५ आणि १४० अंश सेल्सिअस, डॉट ४ साठी २३० आणि १५५, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. यातलं ‘ओलं’ म्हणजे साधारण ३.७ टक्के पाणी मुरलेलं. शंभर भागांत चार भागसुद्धा पाणी नाही, आणि डॉट ४ चे ७५ अंश गेले.

दीडशे अंश म्हणजे खूप झाले की, असं वाटेल. गावातल्या वाहतुकीत ते खरंच खूप आहेत, तेवढी गरमी ऑइलपर्यंत पोचतच नाही. पण दीड टन वजनाची गाडी १,००० मीटर उंचीचा घाट उतरते तेव्हा तिला सुमारे १.४७ कोटी जूल ऊर्जा कुठेतरी टाकावी लागते. तेवढ्या उष्णतेत साधारण ४५ लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत जाईल. यातली काही ऊर्जा वारा घेतो, काही टायर, आणि खालच्या गिअरमध्ये उतरलात तर बरीचशी इंजिन. उरलेली सगळी चार चाकांच्या ब्रेकांवर. डिस्क तापते, तिच्यावरून पॅड, पॅडवरून पिस्टन, आणि पिस्टनच्या पाठीला टेकलेलं असतं आपलं ऑइल.

एक गोष्ट माझ्या धंद्यातल्याही पुष्कळांना नीट माहीत नसते. पेडल दाबलेलं असताना ऑइल दाबाखाली असतं आणि दाबाखालचा द्रव सहजी उकळत नाही. तो उकळतो पाय उचलल्यावर. त्यातून गाडी थांबली तर चाकांना वारा लागायचा बंद होतो आणि डिस्कमधली उष्णता कॅलिपरमध्ये चढतच राहते. म्हणजे सगळ्यात वाईट वेळ घाट उतरत असतानाची नसते, उतरून थांबल्यानंतरच्या दहा-वीस मिनिटांची असते.

माझ्याकडे एक मालवाहू व्हॅन आली होती. चालक पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतार उतरला, म्हणजे इंजिनाची मदत शून्य. खाली पोचून पंधरा मिनिटं थांबला, पुन्हा निघाला, आणि पहिल्याच वळणावर पेडल तळाला टेकलं. हँडब्रेक ओढून कसाबसा थांबला. अर्ध्या तासाने पेडल परत जागेवर! माझ्याआधी दोघांनी गाडी पाहिली होती. दोघांनाही काही सापडलं नाही, एकाने तर चालकालाच झोप लागली असेल म्हणून वाटेला लावलं. सापडणार कसं? वाफ थंड होऊन पुन्हा द्रव झाली, पुरावा गेला. मी पुढच्या कॅलिपरमधून थोडं ऑइल काढलं तर ते गढूळ तपकिरी होतं, आणि तापवून बघायच्या यंत्रावर दीडशे अंशांच्या आसपास उकळलं. डबीतलं वरचं ऑइल मात्र दिसायला छान पिवळसर होतं.

वाफेने एवढं का बिघडतं? द्रव दाबून लहान होत नाही, वाफ होते. एक मिलिलिटर पाण्याची वाफ झाली तर साध्या हवेच्या दाबाला ती दीड लिटरहून जास्त जागा घेते, आणि मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलला जोडलेला मुख्य पंप, एका दाबात ढकलतो ते ऑइल असतं काही मिलिलिटर. तुमचा पाय मग चाक धरत नाही, नुसता फुगा दाबत राहतो. असं कधी झालंच तर घाबरून पेडल एकदाच दाबून धरू नका. भराभर पंप करा, गिअर उतरवा, हँडब्रेक हळूहळू ओढा. आणि एक ओळखून ठेवा: पेडल दगडासारखं घट्ट, पण गाडी थांबत नाही, तर तापलेत पॅड. पेडलच मऊ झालं तर दोष ऑइलचा किंवा हवेचा.

एवढं सगळं सांगितलं तरी प्रामाणिकपणे सांगतो, ऑइल उकळून ब्रेक गेलेल्या गाड्या मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या पाहिल्या आहेत. तुम्ही कधी घाट बघितला नसेल, गाडीत दोनच माणसं बसत असतील, तर ती भीती तुमच्यासाठी लांबची. मी ऑइल बदलायचा आग्रह धरतो तो मुख्यतः दुसऱ्या कारणासाठी, आणि ते कारण म्हणजे गंज.

ब्रेक ऑइलमध्ये गंज रोखणारी द्रव्यं घातलेली असतात. ती वर्षागणिक खर्ची पडतात. एकीकडे पाणी वाढतं, दुसरीकडे पहारेकरी कमी होतात. मग मास्टर सिलिंडरची आतली गुळगुळीत भिंत, कॅलिपरचे पिस्टन, ड्रममधले व्हील सिलिंडर यांना बारीक बारीक खड्डे पडायला लागतात. खड्ड्यांवरून रबरी सील घासलं की ते फाटतं. पिस्टन गंजून अडकला की ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला चिकटून राहतो, चाक तापतं, एका बाजूचा पॅड आधी संपतो, गाडी एका अंगाला ओढते. अशी गाडी माझ्याकडे येते तेव्हा मालक म्हणतो, ‘पॅड निकृष्ट निघाले.’ मी पिस्टन बाहेर काढून दाखवतो. मागे चिखलासारखा गाळ बसलेला असतो.

आणि सगळ्यात महाग बळी एबीएसचा. त्याच्या ठोकळ्यात केसाएवढ्या वाटा आणि चिमुकले व्हॉल्व्ह असतात, ते एका सेकंदात अनेकदा उघडझाप करतात. तिथे गाळ गेला तर दुरुस्ती हा शब्द सहसा उच्चारला जात नाही, आख्खा ठोकळाच बदलतात. त्याच्या पुढे दोन-तीन वेळच्या ऑइलचा खर्च काहीच नाही. तुम्ही ‘बिल फुगवायचं काम’ म्हणालात म्हणून हे सांगतोय. खरं मोठं बिल ऑइल न बदलण्यातून येतं, फक्त ते पाच-सात वर्षांनी येतं आणि तेव्हा कुणी त्याचा ऑइलशी संबंध लावत नाही.

तर मग किती दिवसांनी बदलायचं? इथे ‘अवलंबून आहे’ म्हणावंच लागतं. पुष्कळ गाड्यांच्या पुस्तिकेत दर दोन वर्षांनी असं लिहिलेलं असतं, काहींत तीन, आणि काही कंपन्या नुसतं ‘तपासा’ म्हणून सोडून देतात. पुस्तिकेत मुदत दिली असेल तर तीच धरा, माझं ऐकू नका. दिली नसेल तर मी दोन वर्षं सांगतो. हवा कोरडी, गाडी सपाट रस्त्यावरची, आत उभी राहणारी असेल तर तीन वर्षांनी आभाळ कोसळत नाही. दमट किनारपट्टी, डोंगराळ रस्ते, ओझं वाहणारी किंवा ट्रेलर ओढणारी गाडी असेल तर दोनच्या पुढे जाऊ नका. मोटरसायकलवाल्यांनी जास्त काटेकोर राहावं. तिथे ऑइलच मूठभर असतं, त्यामुळे तेवढाच ओलावा जास्त बाधतो, आणि हँडलवरच्या डबीला ऊनपाऊस थेट लागतो.

विजेवर चालणाऱ्या आणि हायब्रिड गाड्यांचे मालक म्हणतात, ‘आमचे ब्रेक वापरलेच जात नाहीत, मोटरच गाडी थांबवते.’ बरोबर आहे, पॅड वर्षानुवर्षं टिकतात. पण ओलावा पॅडकडे बघून येत नाही. उलट पिस्टन महिनोन्महिने एकाच जागी बसून राहिल्याने गंजायला त्याला निवांत वेळ मिळतो.

तपासून बघून ठरवू म्हणाल, तर तपासण्यांचंही सांगतो. रंगावर जाऊ नका. नवं ऑइल बहुधा पारदर्शक किंवा फिकट पिवळं असतं आणि जुनं काळपट होतं हे खरं, पण रबराच्या नुसत्या संपर्कानेही ते काळवंडतं, आणि पाणी मुरलेलं ऑइल स्वच्छ दिसू शकतं. बाजारात दिवे लागणारी पेनसारखी वस्तू मिळते, ती ऑइलमधून वीज किती वाहते त्यावरून पाण्याचा अंदाज सांगते. प्रत्येक कंपनीचं रसायन थोडं वेगळं, म्हणून तिचा आकडा मी इशारा म्हणून घेतो, निकाल म्हणून नाही. ऑइल थेट उकळवून तापमान दाखवणारं यंत्र जास्त खात्रीचं. तांब्याचं प्रमाण दाखवणाऱ्या कागदी पट्ट्याही असतात. पोलादी ब्रेक पाइपांच्या आत तांब्याची झाळ असते, पहारेकरी संपले की ते तांबं ऑइलमध्ये उतरायला लागतं, अशी त्यामागची कल्पना आहे आणि ती मला पटते. पण यातलं काहीही वापरलं तरी बहुतेक जण थेंब घेतात डबीतून, आणि सगळ्यात खराब ऑइल असतं चाकापाशी. मी मागच्या एका चाकाचं निप्पल, म्हणजे ऑइल बाहेर सोडायचा पोकळ स्क्रू, किंचित सैल करून पारदर्शक नळीत थोडं ऑइल घेतो आणि नव्या ऑइलशेजारी धरतो. गिऱ्हाइकाला दाखवायला याहून सोपं साधन नाही. तुमच्या बाबतीत मात्र तपासणीचीही गरज मला वाटत नाही. सहा वर्षं झाली आहेत.

आता ती गोम. ब्रेक ऑइल ‘बदलणं’ या शब्दाखाली दोन वेगवेगळी कामं खपतात. एकात सिरिंजने डबीतलं जुनं ऑइल ओढून काढतात, नवं भरतात, झाकण लावतात. पाच मिनिटांचं काम. डबी चकचकीत दिसते आणि बाकी सगळं जुनं ऑइल पाइपांत, कॅलिपरांत, जिथे ते नको तिथेच राहतं. ऑइल इंजिनाच्या ऑइलसारखं फिरत नाही, नुसतं पुढेमागे हलतं. त्यामुळे वरचं नवं खालपर्यंत आपोआप पोचणार नाही. खरं काम म्हणजे डबी रिकामी करून नवं भरायचं, मग एकेका चाकाचं निप्पल उघडून नवं स्वच्छ ऑइल यायला लागेपर्यंत जुनं बाहेर काढायचं. चारही चाकं. साधारण कारला यासाठी एक लिटरच्या आसपास ऑइल लागतं. तेव्हा वर्कशॉपमध्ये विचारा: चारही चाकांना निप्पल उघडणार का, किती ऑइल लागेल, नवा सीलबंद डबा माझ्यासमोर फोडाल का? जो खरं काम करतो त्याला या प्रश्नांचा राग येत नाही.

सीलबंदचा आग्रह फाजील चोखंदळपणा नाही. अर्धा वापरून फळीवर ठेवलेला डबा तिथेच ओलावा पीत बसतो. मी उरलेलं ऑइल ब्रेकसाठी जपून ठेवत नाही.

कोणतं ऑइल घालायचं ते डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. डॉट ३ लिहिलं असेल तर डॉट ४ चालतं, उलट करू नका. डॉट ५.१ हे नावाने डॉट ५ चं भावंड वाटतं, पण ते ग्लायकॉलचं आहे आणि ३ व ४ मध्ये मिसळतं. डॉट ५ कशातच मिसळू नका. गाडीला घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असेल तर पुस्तिकेत कमी दाटपणाचं डॉट ४ सांगितलंय का ते पाहा, कारण थंडीत दाट ऑइल त्या बारीक वाटांतून हवं तितक्या लवकर धावत नाही. आणि ‘ऑइलच तर आहे’ म्हणून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टीअरिंगचं ऑइल डबीत चुकूनही ओतू नका. नावाचा घोळ म्हणालो तो यासाठी. खनिज तेल लागलं की या सिस्टिमचं रबर फुगतं. एका गृहस्थांनी पातळी कमी दिसली म्हणून घरात होतं ते ऑइल ओतलं. दोन दिवसांत चारही चाकं धरून बसली, आणि मास्टर सिलिंडरपासून होजपर्यंत रबराचा प्रत्येक तुकडा बदलावा लागला.

पातळीवरून आठवलं. पातळी हळूहळू उतरली तर बहुधा पॅड झिजलेत असा तिचा निरोप असतो. वरून ऑइल ओतून तो निरोप पुसू नका, आधी पॅड बघा. एकदम उतरली तर गळती शोधा, आणि ती सापडेपर्यंत गाडी चालवू नका.

तुम्ही शेवटी विचारलंय की हे घरी करता येईल का. हाताला सवय असेल तर येतं, यात जादू नाही. पण पहिल्यांदा करत असाल तर शेजारी जाणकार हवा, कारण इथे चूक झाली तर गाडी बंद पडून निभत नाही, ती थांबत नाही. गाडी जॅकवर नाही, स्टँडवर उभी करा. बसणाऱ्या मापाचा रिंग पाना घ्या, उघड्या तोंडाच्या पान्याने निप्पलचे कोपरे झिजतात. निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक थोड्या ऑइलमध्ये बुडवा. आत एक जण पेडल दाबून धरणार, बाहेरचा निप्पल उघडणार, पेडल खाली जाणार, निप्पल आधी बंद आणि मगच पाय वर. हा क्रम चुकला की हवा आत. रूढ पद्धत मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करायची, पण सगळ्या गाड्यांना ती लागू नाही, पुस्तिकेत क्रम वेगळा असू शकतो. दर आठ-दहा दाबांनंतर डबी बघा. ती कोरडी पडली तर हवा एबीएसच्या ठोकळ्यात शिरते आणि ती काढायला पुष्कळदा स्कॅनर लावून आतला पंप चालवावा लागतो. नुसतं ऑइल बदलायचं असेल आणि हवा कुठे शिरली नसेल तर बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लागत नाही. ज्यांचे ब्रेक इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दाब तयार करतात त्या गाड्यांना, आणि त्यात हायब्रिड आल्याच, घरी हात लावू नका.

एक चूक मी स्वतः केली आहे. धंद्यात नवा होतो, एका जुन्या गाडीचं ऑइल काढताना पेडल जोरजोरात पार तळापर्यंत दाबत होतो. रोजच्या वापरात पेडल तिथपर्यंत कधी जात नाही, त्यामुळे मास्टर सिलिंडरच्या त्या टोकाला वर्षांचा गंज साचलेला असतो. सील त्याच्यावरून घासलं गेलं. गाडी सकाळी दिली, संध्याकाळी परत आली, पेडल दाबून धरलं की हळूहळू बुडत होतं. नवा मास्टर सिलिंडर माझ्या खिशातून. तेव्हापासून पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतो, किंवा पेडलला हातच न लावता डबीवर दाब देणाऱ्या यंत्राने काम करतो. तुमची गाडी सहा वर्षं अस्पर्श राहिली आहे, तेव्हा काम करणाऱ्याला हे जरूर सांगा.

ऑइल रंगावर सांडलं तर रंग उचलतं. पुसत बसू नका, लगेच भरपूर पाण्याने धुवा. इथे त्याची पाण्याशी घसट आपल्या कामी येते. डोळ्यांना चष्मा लावा. जुनं ऑइल गटारात ओतू नका, बंद डब्यात भरून वापरलेली रसायनं घेणाऱ्यांकडे द्या. आणि तुमच्या गाडीत क्लचही याच डबीतून ऑइल घेत असेल तर त्याचंही निप्पल उघडायला सांगा. तो बहुतेक वेळा राहून जातो.

काम झाल्यावर पेडल आधीइतकंच किंवा जरा जास्तच घट्ट लागायला हवं. इंजिन चालू करून अर्धा मिनिट सारखा दाब देऊन धरा, ते बुडता कामा नये. मग रिकाम्या जागेत अगदी हळू चालवून दोन-चार वेळा थांबवा. आधीपेक्षा मऊ लागलं तर ‘चालवून चालवून बसेल’ हे उत्तर ऐकून घेऊ नका, आत हवा राहिली आहे. गाडी तिथेच ठेवा.

जायच्या आधी आणखी एक. सहा वर्षं न उघडलेली निप्पलं गंजून धरलेली असू शकतात, जोर लावला की मुळाशी तुटतात, आणि मग दोष ऑइल बदलणाऱ्याच्या माथी येतो. गाडी आदल्या संध्याकाळी सोडा, निप्पलांवर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर मुरू द्यायला सांगा. एखादं तुटलंच तर काय करायचं, ते कोरून काढायचं की कॅलिपर बदलायचा, आणि तो खर्च कुणाचा, हे पाना लावायच्या आधी बोलून घ्या.